मर्यादा कोणी ठरवली?

1948 साली मजूर पक्षाच्या सरकारने उभारलेली ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची चाचणी टपालाने, विनामूल्य घरी पाठविते. मलाच्या नमुन्यातील, डोळ्यांना न दिसणारे रक्तही तीत मोजले जाते. परंतु किती रक्त आढळल्यास दुर्बिणीने आतडे तपासावयाचे? स्कॉटलंडने 2017 मध्ये एका ग्रॅममागे 80 मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरविली. इंग्लंडने 2019 मध्ये 120. आतडी तर दोन्हीकडची सारखीच! इंग्लंडमध्ये दुर्बीण-तपासणीची सोय अपुरी होती, एवढेच. म्हणजे 100 मायक्रोग्रॅम आढळलेल्या माणसाला सीमेच्या उत्तरेस तपासणीचे बोलावणे, आणि दक्षिणेस ‘पुढील तपासणीची गरज नाही’ असा निर्वाळा मिळत असे. सरकारने आधी यंत्रे व प्रशिक्षित माणसे वाढवावयास हवी होती. त्याने मर्यादाच उंच ठेवली.