आठवणींची साक्ष

एकाच सहलीची हकीकत दोन भावंडे दोन तऱ्हांनी सांगू लागली, की वडीलधारी माणसे त्यांतील एकाला लबाड ठरवून मोकळी होतात. शिक्षकही याला अपवाद नाहीत. मला हा न्याय मान्य नाही.

स्मृती म्हणजे वस्तू जपून ठेवण्याची पेटी नव्हे. प्रसंगातील दृश्ये, ध्वनी, गंध यांचे ठसे मेंदूच्या निरनिराळ्या भागांत उमटतात. मेंदूत खोलवर असलेला हिप्पोकॅम्पस नावाचा लहानसा भाग त्यांची सांगड घालतो. आठवताना ही जुळणी पुन्हा करावी लागते आणि मागाहून ऐकलेले-पाहिलेलेही तीत नकळत मिसळते.

अमेरिकेचे 'चॅलेंजर' हे अवकाशयान २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांतच नष्ट झाले. ही वार्ता आपणांस कोठे व कशी कळली, हे मानसशास्त्रज्ञ अल्रिक नाइसर यांनी दुसऱ्याच दिवशी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतील ४४ जणांना तोच प्रश्न पुन्हा विचारला. ११ जणांची उत्तरे पहिल्या उत्तरांशी मुळीच जुळेनात! तरीही पुष्कळांना आपले नवे उत्तर बिनचूक वाटत होते. पुढे स्वतःच्या हस्ताक्षरातील जुने कागद दाखवले, तरी त्यांवरील हकीकत त्यांना आठवेना. ही मुले काही खोटे बोलत नव्हती.

तेव्हा भावंडांचा असा वाद माझ्यापुढे आला, तर कोणाचा आवाज चढा आहे हे मी पाहणार नाही. सहलीच्या रात्री कोणी रोजनिशी लिहिली होती काय, एवढेच विचारीन.