सांडले कोणी, निस्तरायचे कोणी?

समुद्रात तेल सांडले तर लोहगडवाडीच्या पारावर त्याची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. पण ऐका.

४ ऑगस्ट २०११ रोजी मुंबईजवळ 'रॅक कॅरियर' हे कोळशाचे जहाज बुडाले. तेल किनाऱ्याला लागले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली जहाजाशी संबंधित कंपन्यांना १०० कोटी, तर ज्यांचा कोळसा होता त्या अदानी एंटरप्रायझेसला ५ कोटी भरण्याचा आदेश दिला. आदेश निघायलाच पाच वर्षे गेली. कोळ्याने तोवर खायचे काय?

तेलवाहिन्या आपल्या जिल्ह्यातही शेतांखालून जातात. १९६२ च्या कायद्याने जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते. पण त्या पट्ट्यात घर बांधायचे नाही, विहीर खोदायची नाही, झाड लावायचे नाही. शेतकऱ्याचे बंधन इतके चोख, मग कंपनीचे ढिले का?

राजस्थानातील बिछडी गावाच्या विहिरी कारखान्यांनी नासवल्या. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की माती-पाणी पूर्ववत करण्याचा खर्चही प्रदूषण करणाऱ्याचाच. नुसते पैसे हातावर ठेवल्याने विहीर गोड होत नाही, हेच त्यातले मर्म.

म्हणून तलाठी, ग्रामसेवकांना सांगणे आहे: गळती दिसली की कंपनीला कळवा, त्याच दिवशी पंचनामा करा, माती-पाण्याचे नमुने सीलबंद करा. आणि पाणी तपासून पिण्याजोगे ठरेपर्यंत कंपनीने गाव सोडायचे नाही, असा ठराव ग्रामसभेने आधीच करून ठेवावा. आग लागल्यावर विहीर खणण्यात काय हशील?