नगावरची मजुरी, संगणकावरची



विड्या वळणाऱ्या, पापड लाटणाऱ्या, तयार कपड्यांना बटणं लावणाऱ्या बायांच्या मजुरीबद्दल आपल्या चळवळीत पुष्कळ बोललं गेलं आहे. मी ज्या धंद्याबद्दल लिहिते आहे तो ऐकून मात्र तुम्हाला थोडं हसू येईल. मी व्हिडिओ गेमसाठी वस्तू बनवते. पिंपं, खुर्च्या, तलवारी, बूट, मोडकी दारं, सगळं संगणकावर. पुण्यात राहून अकरा वर्षं हेच करते आहे. वातानुकूलित खोली, महागडा संगणक आणि इंग्रजी बोलणारे साहेब असल्यामुळे या कामाला कुणी मजुरी म्हणत नाही. आम्ही कलाकार तर मुळीच म्हणत नाही. म्हणायला हवं, असं माझं मत आहे.

काम येतं ते असं. अमेरिकेतली, कॅनडातली किंवा फ्रान्समधली कंपनी एखादा मोठा गेम बनवायला घेते. त्यातली गोष्ट आणि मुख्य पात्रं तिथे ठरतात. पण खेळणारा ज्या गावातून धावतो त्या गावातली प्रत्येक घागर कुणीतरी बनवावी लागते, आणि अशा हजारो वस्तू लागतात. त्या बाहेर बनवून घेतल्या जातात: चीन, मलेशिया, व्हिएतनाम, भारत. आपल्याकडे हे नवं नाही. बंगळूरची ध्रुवा इंटरअ‍ॅक्टिव्ह ही कंपनी १९९७ सालची. पुढे गुरगाव, पुणे इथेही असे स्टुडिओ निघाले.

प्रत्येक वस्तूचा दर दिवसांत ठरतो. या खुर्चीला चार दिवस, त्या दाराला सहा. या दिवसाला आमच्या धंद्यात 'मॅन-डे' म्हणतात. मी भरलेल्या दिवसालाही मॅन-डेच म्हणतात! वस्तू पाठवली की पलीकडून शेरे येतात. लाकूड अजून जुनं दिसू दे, गंज डावीकडे हवा, मग गंज नकोच. करारात दुरुस्तीच्या दोन फेऱ्या लिहिलेल्या असतात. पाचवी फेरी झाली तरी गिऱ्हाईक दुखावायला नको म्हणून मधला स्टुडिओ गप्प बसतो आणि ते जादा दिवस आमच्या संध्याकाळींतून आणि रविवारांतून काढतो. ठेकेदार विड्या तपासताना काही नापास म्हणून बाजूला काढतो, त्यांचे पैसे कापतो आणि विड्या मात्र ठेवून घेतो, हे आपल्याला पाठ आहे. फुकटात पाचव्यांदा केलेली खुर्ची मला त्याहून वेगळी वाटत नाही.

बाईचं पात्र बनवायला आलं की आणखी एक गंमत असते. एकदा एका योद्ध्या बाईचं चिलखत माझ्याकडे आलं. पोट उघडं, मांड्या उघड्या, खांद्यांवर मात्र मणभर लोखंड. ही लढायला निघाली आहे की कुठे, असं विचारावंसं वाटलं, पण शेऱ्यांच्या तक्त्यात माझ्या प्रश्नासाठी रकानाच नसतो. तिथून इकडे शेरे येतात, इकडून तिथे फक्त वस्तू जातात. २०१४ साली युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीला लोकांनी विचारलं, तुमच्या नव्या गेममध्ये मित्रांबरोबर खेळताना बाई होऊन का खेळता येत नाही? त्यावर त्यांच्याकडून उत्तर आलं की बाईसाठी हालचाली, कपडे, आवाज सगळंच नव्याने करावं लागेल, काम फार वाढेल. हजारो पिंपं बनवून घेताना मात्र काम वाढत नाही. पिंपं आमच्याकडे येतात ना.

आता वेळेचं बघा. उन्हाळ्यात लॉस एंजेलिसला सकाळचे साडेनऊ होतात तेव्हा इथे रात्रीचे दहा वाजलेले असतात. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे बाईला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, घरी पोचवण्याची सोय हवी. पण ती घरूनच बैठकीला बसली, एका हाताने पोराला थोपटत बसली, तर त्या तासाची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. २०१७च्याच दुरुस्तीने बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. माझ्या जुन्या स्टुडिओत पाळणाघराची पाटी होती. आत बंद पडलेल्या संगणकांचा ढीग होता. रजा संपल्यावर मी तीन महिने ओढले आणि नोकरी सोडली. माझ्या बरोबरीच्या चौघींपैकी दोघींनी तेच केलं. आता त्याच स्टुडिओचं काम मी घरून करते, नगावर. म्हणजे आउटसोर्सिंगचंही आउटसोर्सिंग. भविष्यनिर्वाह निधी नाही, रजा नाही, वीज माझी, संगणक माझा.

घरी विड्या वळणाऱ्या बाईला १९६६च्या कायद्याने कामगार म्हटलं. तो कायदा २०२५च्या नोव्हेंबरात लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्ये विरघळला, हा वेगळा विषय आहे आणि त्यावर स्वतंत्रपणे बोलायला हवं. पण तिला ती ओळख मिळाली होती. घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली करार केला, त्याला आपल्या सरकारने अजून मान्यता दिलेली नाही. मला कागदोपत्री 'व्यावसायिक सल्लागार' म्हणतात.

परदेशी कलाकार म्हणतात, तुम्ही आमच्या नोकऱ्या पळवल्या. त्यांचा राग मला समजतो, पण तो चुकीच्या दाराशी आलेला आहे. कॅनडात एडमंटनमधली गोष्ट घ्या. बायोवेअर या कंपनीच्या गेमची तपासणी करणारी काही माणसं कामाला बायोवेअरची होती, पगाराला कीवर्ड्स या आउटसोर्सिंग कंपनीची. त्यांनी २०२२ साली मतदान घेऊन युनियन केली. २०२३ मध्ये कंत्राट पुढे चालू ठेवलं गेलं नाही आणि १३ जणांचं काम गेलं. ही माणसं त्याच शहरातली होती. तेव्हा काम कुठल्या देशात जातं यावर माझ्या मते फार काही अवलंबून नाही. जबाबदारी कुणाच्या अंगावरून काढून कुणाच्या अंगावर टाकली, ते बघावं.

त्यात आमचं तोंडही बंद असतं. गुप्ततेच्या करारावर सही असते, त्यामुळे गेम बाजारात येऊन गाजला तरी हे दार मी केलं असं सांगायची पंचाईत. शेवटच्या श्रेयनामावलीत पुष्कळदा फक्त स्टुडिओचं नाव येतं. ही नुसती मानाची बाब नाही. नवं काम मागायला गेलं की आधीचं काम दाखवा म्हणतात. बाळंतपणात दोन वर्षं बाहेर राहिलेल्या बाईकडे दाखवायला काहीच नसतं आणि ती पुन्हा तळाच्या दरावर सुरुवात करते.

आता यंत्राने काढलेली चित्रं येऊ लागली आहेत. बोटं सहा आहेत तेवढी दुरुस्त करा, आणि यात तुमची मेहनत कमी म्हणून दरही कमी. गेममध्ये आवाज देणाऱ्या अमेरिकेतल्या कलाकारांनी याच प्रश्नावर जुलै २०२४ मध्ये संप केला, जवळजवळ वर्षभर लढले आणि आपल्या आवाजाची यंत्रावर नक्कल करायची तर आधी आपली संमती घ्यायची, हे करारात लिहून घेतलं. त्यांच्यामागे युनियन होती. आमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपचा गट आहे आणि त्यात स्टुडिओचा मॅनेजरही आहे.

मला तीन गोष्टी हव्या आहेत. ठरल्यापेक्षा जास्त दुरुस्तीचे पैसे, नामावलीत माणसांची नावं, आणि घरून काम करणारीला कामगार म्हणून गणणं. पहिल्या दोन मधल्या स्टुडिओलाही करारात मागता येतील, तो मागत नाही कारण शेजारचा स्टुडिओ न मागता काम घेईल अशी त्याला भीती असते. म्हणून सुरुवात आमच्याकडूनच व्हावी लागेल. तुमच्या गटांत घरबसल्या काम करणाऱ्यांची बैठक भरत असेल तर तिथे आम्हालाही बोलवा. नाशिक, कोल्हापूर, नागपूरकडे अशा मुली तुमच्या ओळखीत असतील, त्यांना 'कंप्युटरवर काहीतरी करते' म्हणून सोडून देऊ नका. आधी नगाचा दर विचारा. बहुतेकींनी तो शेजारच्या खुर्चीवरच्या मैत्रिणीलाही सांगितलेला नसतो.