गच्चीचा भाडेपट्टा

भाडेपट्टा म्हणजे काय, हे वऱ्हाडला कोणी नव्याने शिकवावे असे नाही. हा सारा प्रांतच एकदा पट्ट्याने दिला गेला होता. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या स्वाधीन केला आणि 1902 साली लॉर्ड कर्झन यांनी तो सालीना 25 लाख रुपयांच्या ठराविक रकमेवर कायमचा लिहून घेतला. कागदावर मालकी निजामाची राहिली. परंतु पट्ट्याला मुदत नव्हती, रकमेत वाढ नव्हती आणि करार मोडण्याचा मार्गही मालकाच्या हाती नव्हता. 1923 साली पुढच्या निजामाने आपला मुलूख परत मागितला, तेव्हा 1926 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी ती मागणी साफ फेटाळली. पुढे 1936 साली युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी तेवढी मिळाली. नाव एकाचे आणि मुलूख दुसऱ्याचा, असा तो व्यवहार झाला.

हा इतिहास आज उगाळण्याचे कारण असे की, अमरावती-अकोल्यात आणि आसपासच्या तालुक्यांत त्याच धाटणीचे पट्टे लहान प्रमाणावर आजही लिहिले जात आहेत. मोबाइलचा टॉवर उभारण्यासाठी कोणाची गच्ची, तर कोणाच्या शेताचा धुऱ्यालगतचा तुकडा मागितला जातो. मालक बहुधा निवृत्त कर्मचारी, कोरडवाहू शेतकरी किंवा डागडुजीच्या पैशाला महाग झालेली गृहनिर्माण सोसायटी. इंग्रजीत छापलेला जाडजूड करारनामा पुढे येतो. मालक त्यातील भाड्याचा आकडा तेवढा पाहतो आणि उरलेल्या पानांवर डोळे मिटून सही करतो. भाडे किती, हा प्रश्न महत्त्वाचा खराच; पण ते वाढणार कसे, करार मोडण्याचा अधिकार कोणाला आणि शेवटी टॉवर कोणी उतरवायचा, हे प्रश्न आमच्या मते त्याहून मोलाचे आहेत.

मुळात मालक स्वतःला याचक समजतो, तेथेच सौदा बिघडतो. टॉवर कोठेही उभा करून चालत नाही. लहरींची पोहोच, शेजारच्या टॉवरचे अंतर आणि वापरणाऱ्यांची संख्या यांचा हिशेब करून अभियंते लहानसा टापू आखतात व त्याच्या आत जागा शोधतात. ज्या कौंडण्यपुराहून रुक्मिणीने एका ब्राह्मणाकरवी द्वारकेला निरोप धाडला अशी कथा आहे, तेथे कार्तिकातील यात्रेला जमलेले भाविक एकाच वेळी घरी फोन लावू लागले, तर ती गरज अमरावतीच्या टॉवरने भागणार नाही. टॉवर वर्धेच्या काठीच हवा. शिवाय जागा घेणारी टॉवर-कंपनी आणि मोबाइल सेवा देणारी कंपनी पुष्कळदा वेगवेगळ्या असतात. त्याच टॉवरवर दुसऱ्या, तिसऱ्या सेवा-कंपनीचे अँटेना चढले की टॉवर-कंपनीचे उत्पन्न वाढते. त्या वाढीत जागेच्या मालकाने वाटा मागावा, यात संकोच कसला?

आता अटींकडे वळू. पंधरा-वीस वर्षे मालकाने बांधलेले राहावे, कंपनीने मात्र थोड्या दिवसांची नोटीस देऊन निघून जावे, अशी तरतूद छापील मसुद्यांत पुष्कळदा आढळते. ही भीती काल्पनिक नाही. 2 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 122 दूरसंचार परवाने रद्द केले. 2018 साली एअरसेलसारखी मोठी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कंपनी बुडाली तरी गच्चीवरचे लोखंड आपोआप उतरत नाही. म्हणून बांधिलकी दोन्ही पक्षांवर सारखी असावी, भाडे ठराविक महिने थकल्यास मालकाला करार मोडता यावा आणि टॉवर उतरवून गच्ची पूर्ववत करण्याच्या खर्चाइतकी अनामत आधीच घेतलेली असावी. इमारत हा भार पेलेल की नाही, याचा दाखलाही स्थापत्य अभियंत्याकडून कंपनीच्याच खर्चाने घ्यावा.

भाडेवाढीचे गणितही वहीवर मांडून पाहावे. दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढ ऐकायला बरी वाटते. पण ती वर्षाला जेमतेम सव्वातीन टक्के पडते. महागाईचे जे लक्ष्य 2016 साली रिझर्व्ह बँकेपुढे ठेवले गेले, तेच 4 टक्क्यांचे आहे. आणि वाढच नसेल तर? वर्षाला पाच टक्के महागाई धरली, तरी आजच्या दहा हजारांची किंमत वीस वर्षांनी पावणेचार हजारांवर येते. निजामाच्या 25 लाखांची गत याहून निराळी नव्हती.

कर कोणी भरायचा, हेही लिहून घ्यावे. टॉवरला कायदा प्रसंग पाहून वेगवेगळी नावे देतो. 16 डिसेंबर 2016 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने टॉवरवर मालमत्ता कर लावण्याचा अधिकार मान्य केला. नोव्हेंबर 2024 मध्ये त्याच न्यायालयाने करसवलतीच्या एका वादात टॉवरला जंगम वस्तू ठरविले. कायदेपंडितांना यात विसंगती वाटणार नाही. पण पालिकेचे बिल घराच्या नावाने आले, तर मालकाला उपयोग पंडितांचा नव्हे, करारातील एका स्पष्ट वाक्याचा होईल.

एक कोटीहून अधिक भरणा-भांडवल असलेल्या कंपन्यांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 याचे संरक्षण नाही. तेव्हा येथे बोलेल तो कागदच, आणि कागद नोंदवलेला नसेल तर न्यायालयात तोही अडखळेल. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीकृतच असला पाहिजे. ‘ही तर नुसती परवानगी आहे’ असे कोणी म्हटले, तरी गाफील राहू नये. परवानगीच्या भरवशावर खर्च करून कायम स्वरूपाचे काम उभारले गेले, तर ती परत घेता येत नाही, असे 1882 चा सुविधाधिकार कायदा सांगतो. 2023 च्या दूरसंचार कायद्याने खाजगी जागेचा मोबदला परस्परसंमतीने ठरावा असे म्हटले आहे. मात्र मालकाने जागा नाकारली आणि सार्वजनिक हिताची गरज दिसली, तर केंद्र सरकारला तो हक्क संपादनही करता येतो. यावरून दार लावून बसण्यापेक्षा समोर बसून घासाघीस करणेच शहाणपणाचे ठरते.

आम्ही टॉवरच्या विरुद्ध नाही. किरणोत्सर्गाबद्दल लोकांना वाटणाऱ्या काळजीची आम्ही थट्टा करणार नाही. पण 1 सप्टेंबर 2012 पासून आपल्या देशातील मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे, हेही सांगितले पाहिजे. त्याहून जवळचा धोका भामट्यांचा आहे. ‘तुमच्या जागेवर टॉवर मंजूर झाला, आधी शुल्क भरा’ असा निरोप आला की तो खोटा समजावा. टॉवरसाठी जागा भाड्याने घेण्याच्या व्यवहारात आपला संबंध नसतो, हे दूरसंचार विभाग आणि दूरसंचार नियामक प्राधिकरण यांनी जाहीर केलेले आहे.

एकटा मालक आणि वकिलांची फौज बाळगणारी कंपनी, ही जोडी विषम आहे. ही विषमता कमी करणे आपल्याच हाती आहे. अमरावती व अकोल्याच्या वकील संघांनी आणि गृहनिर्माण सोसायट्यांच्या संस्थांनी एकत्र येऊन सोप्या मराठीत नमुना करारनामा तयार करावा. महापालिकांनी व ग्रामपंचायतींनी तो कार्यालयात ठेवावा. सोसायटीची गच्ची सर्व सभासदांची असते. तेव्हा सर्वसाधारण सभेच्या ठरावावाचून सचिवाने सही करू नये. सामाईक सातबाऱ्यावरही एका भावाने परस्पर अंगठा उठवू नये. आठ दिवस मागून घ्यावेत, मसुदा जाणत्याकडून वाचवून घ्यावा, मगच लेखणी उचलावी. ज्या कंपनीला आठ दिवस थांबवत नाही, तिच्या घाईचे कारण त्या मसुद्याच्याच एखाद्या पानावर सापडेल.