एवढी महाग?

आमच्या आयटीवाल्यांत हातमागाचा विषय काढला की पाचव्या मिनिटाला कोणीतरी जॅकार्ड काढतोच. "अरे, पहिला कॉम्प्युटर म्हणजे मागच की!" मग १८०४ सालचं ते फ्रेंच यंत्र, त्याची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं, ती कल्पना बॅबेजने आपल्या यंत्रासाठी उचलली, पुढे हॉलरिथने १८९० च्या अमेरिकन जनगणनेत भोकांची कार्डं वापरली... वंशवृक्ष तोंडपाठ. सगळं खरंही आहे. पण हे सांगताना चेहऱ्यावर जो वारसदाराचा अभिमान असतो ना, तो माझ्या डोक्यात जातो. कारण हाच वारसदार पुढच्या शनिवारी आई-बायकोला गाडीत घालून येवल्याला जातो, दुकानात गादीवर बसून चहा घेतो आणि पहिलं वाक्य टाकतो, "एवढी महाग?"

तर आजचा विषय हा प्रश्न.

गेल्या पावसाळ्यापासून माझ्याकडे टेबलावर ठेवायचा एक छोटा हातमाग आहे. सेकंडहँड. गंगापूर रोडवरच्या एका बाईंनी हौसेने घेतलेला, हौस फिटली म्हणून विकला. (असले माग सेकंडहँड आणि जवळजवळ कोरे मिळतात, यातच बरंच काही आलं.) चार चौकटींचा आहे. चौकटी पायाने नाही, वरचे खटके हाताने दाबून उचलायच्या. चार चौकटींच्या उचलण्याच्या तऱ्हा किती? सगळ्या वर आणि सगळ्या खाली या दोन बिनकामाच्या सोडल्या तर १४. आमच्या जातीच्या माणसाला इथे लगेच गुदगुल्या होतात. मलाही झाल्या. पण त्या दोन दिवस टिकतात, कारण त्यानंतर धागे ओवायचे असतात.

हिशोबच मांडतो. १६ इंच रुंदीचं साधं कापड, इंचाला २० उभे धागे. म्हणजे ताण्याचे ३२० धागे. प्रत्येक धागा आधी चौकटीतल्या तारेच्या डोळ्यातून आकड्याने ओढायचा, मग फणीच्या घरातून. ३२० दुणे ६४०. क्रम बिघडू नये म्हणून ताणा गुंडाळतानाच त्याला इंग्रजी आठच्या आकड्यासारखा तिढा द्यावा लागतो, आणि तो तिढा सुटला तर सगळा गुंता झाला समजा. कंट्रोल झेड नाही. हे सगळं होईपर्यंत कापडाचा एक दोराही विणलेला नसतो! मग विणायला घ्यायचं. खटके बदला, धोटा सरकवा, फणी ओढून ठोका. माझ्यासारख्याला एका आडव्या धाग्याला दहा सेकंद लागतात. इंचाला २० धरले तर मीटरला जवळजवळ ७९०. म्हणजे न थांबता सव्वादोन तास. न थांबता कोण विणतं? मानेला विचारा.

आणि हे साधं कापड झालं बरं का. एक धोटा, एक रंग, नक्षी नाही.

आता पैठणीचा पदर घ्या. पैठणीतला मोर किंवा मुनिया धोटा या काठापासून त्या काठापर्यंत फेकून होत नाही. प्रत्येक रंगाला आपली वेगळी बारकी तिल्ली. विणकर उभे धागे मोजतो, हिरव्याची तिल्ली तेवढ्याच धाग्यांतून नेतो, थांबतो, शेजारच्या लाल धाग्यात अडकवतो, लाल पुढे नेतो. एका ओळीत असे कितीतरी थांबे. सगळे झाले की एक ओळ झाली. नक्षी मागच्या बाजूलाही तशीच स्वच्छ दिसते ती याच अडकवण्यामुळे. भरलेल्या पदराचं दिवसाचं काम इंचांत मोजतात. साध्या साडीला काही आठवडे जातात, भारी साडीला महिने, कधीकधी वर्षही उलटतं.

आता तुमच्याआमच्या भाषेत बोलू, म्हणजे बिलिंगच्या. समजा एका साडीला विणकराचे ३० दिवस गेले, रोज ८ तास. २४० तास. समजा त्याच्या हाती मजुरी आली १२,००० रुपये. तासाला पन्नास. (आकडे समजुतीसाठी घेतलेत, पण येवल्यात जाऊन विचाराल तर फार हसणार नाहीत.) त्यात रेशीम उकलणं, कांड्या भरणं हे घरातली बाईमाणसं करतात, त्याचे तास या २४० मध्ये नाहीतच. आणि तुम्ही "दोन हजार कमी करा" म्हणता तेव्हा ते दोन हजार कोणाच्या खिशातून येतात असं वाटतं तुम्हाला? रेशमाचा भाव ठरलेला. जरीचा ठरलेला. दुकानाचं भाडं ठरलेलं. सगळ्या साखळीत वाकण्यासारखी एकच गोष्ट, ती म्हणजे माणसाचे तास. क्लायंटने दर कमी करा म्हटलं की आपण कँटीनमध्ये तासभर शिव्या घालतो, तोच हा प्रकार.

२०१९-२० च्या हातमाग गणनेत देशभरात ३५ लाखांवर हातमाग कामगार मोजले गेले. त्यातल्या सुमारे दोन-तृतीयांश कुटुंबांचं महिन्याचं उत्पन्न ५,००० रुपयांच्या आत निघालं. कुटुंबाचं, माणसाचं नाही. आपल्याकडे २०१५ पासून ७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन असतो, १९०५ च्या स्वदेशी चळवळीची आठवण म्हणून. आणि २०२० मध्ये हा दिवस दहा-बारा दिवसांवर आलेला असताना अखिल भारतीय हातमाग मंडळ बरखास्त झालं. दिवस ठेवला, मंडळ काढलं. असो.

माझ्या मागाबद्दल ऐकून काही मित्र गहिवरून म्हणतात, "ग्रेट! तू हातमाग वाचवतोयस." कपाळ! मी काहीही वाचवत नाही. रविवारी फुरसतीत मी जे मफलरवजा कापड काढतो, त्याने येवल्यातल्या एकाही घरात एक रुपया जात नाही. उलट "विणणं म्हणजे कसं ध्यान लागतं, स्ट्रेस जातो" हे जे चाललंय, ते विणकराला तर ऐकवूच नका. मी एकदा तिथल्या एका काकांना विचारलं होतं, काम करताना मन शांत होत असेल ना? ते खड्ड्यात पाय सोडून बसलेले, तिल्ली न थांबवता म्हणाले, "मन शांत आहे हो दादा, गुडघे बोलतात." छंदाचा एकच खरा उपयोग आहे. किंमत कळते. तीही पुस्तकातून नाही, मानेतून.

मग दुसरी बाजू येते, आणि ती कमी महत्त्वाची नाही. "यंत्रमागावरची सेमी पैठणी दोन-तीन हजारांत मिळते. गरिबाच्या पोरीने लग्नात पैठणी नेसू नये का?" नेसावी. जरूर नेसावी. माझं भांडण यंत्राशी नाहीच. आमच्याच जिल्ह्यात एका अंगाला येवला आहे आणि दुसऱ्या अंगाला मालेगाव. मालेगावचे विणकर मूळचे हातमागवालेच, १८५७ नंतर उत्तरेतून आलेली मोमीन-अन्सारी कुटुंबं. तिथे आज यंत्रमागाच्या खडखडाटात बारा-बारा तासांच्या पाळ्या करणारा माणूस काही विणकराचा शत्रू नाही. त्याच्याही तासांचा भाव कोणी विचारत नाही. शत्रू आहे तो मधला खोटेपणा. यंत्रावरची साडी 'ओरिजिनल येवला' म्हणून गळ्यात मारणारा.

यावर कायदे आहेत का? भरपूर. १९८५ चा हातमाग आरक्षण कायदा आहे, ११ प्रकारच्या वस्तू आज त्याखाली हातमागासाठी राखीव आहेत आणि साडीचे काही प्रकार त्यात येतात. २०१० पासून पैठणीला भौगोलिक मानांकन आहे. २००६ पासून हँडलूम मार्क आहे. पण दुकानात तुम्हाला दाखवतात काय, तर सिल्क मार्क! तो २००४ पासूनचा, खराखुरा, आणि तो फक्त एवढंच सांगतो की रेशीम शुद्ध आहे. हाताने विणलंय की यंत्राने, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. शुद्ध रेशमाची यंत्रमागावरची साडी सिल्क मार्क लावून राजरोस विकता येते, आणि गिऱ्हाईक मान डोलावतं. रोज लॉग फाइली वाचणारी माणसं लेबल वाचत नाहीत, याचं मला राहून राहून नवल वाटतं. ते सोडा, पदर तरी उलटा करून बघा. मागच्या बाजूला लोंबते किंवा कातरलेले धागे दिसले तर ती नक्षी तिल्लीची नाही.

आता शेवटचा मुद्दा, जो ऐकून मागच्या आठवड्यात एक मित्र चिडला. आमच्यात नव्या तंत्राला नाक मुरडणाऱ्याला 'लुडाइट' म्हणायची पद्धत आहे. तर हे लुडाइट कोण होते? १८११ च्या सुमाराला इंग्लंडात नॉटिंगहॅमकडे मोजे विणणारे कारागीर. ते त्याच यंत्रांवर पोट भरणारे लोक होते, यंत्रांना घाबरणारे नव्हते. त्यांचं म्हणणं होतं की रुंद यंत्रावर विणलेलं कापड कापून शिवलेले भिकार मोजे चांगल्या मोज्यांच्या नावावर विकू नका आणि त्या आडून आमची मजुरी पाडू नका. म्हणजे सेमी पैठणीचीच तक्रार, दोनशे वर्षं आधीची! संसदेने १८१२ मध्ये यंत्र फोडण्याला फाशीची शिक्षा लावली. कवी बायरन लॉर्डांच्या सभागृहात त्याविरुद्ध बोलला, पण कायदा झालाच.

हे आठवायचं कारण असं की आता तीच वेळ आपल्या टेबलापाशी आली आहे. एआय चार ओळींत सांगितलं की चारशे ओळींचा कोड देतो, आणि पंधरा वर्षं अनुभवाची माणसं मीटिंगमध्ये घसा कोरडा करून सांगतायत की माणसाने लिहिलेल्या कोडची गोष्टच वेगळी, त्यामागे विचार असतो, त्याचे पैसे द्यायला हवेत. बरोबर बोलतायत. माझंही तेच म्हणणं आहे. फक्त ते ऐकताना मला येवल्याची गादी, चहाचा कप आणि "एवढी महाग?" आठवतं, त्याला मी काय करू?

माझी मागणी साधी आहे. साडीच्या चिठ्ठीवर तीन गोष्टी हव्यात: हातमाग की यंत्रमाग, विणायला किती दिवस, विणणाऱ्याला मजुरी किती. पहिली गोष्ट लपवणं म्हणजे फसवणूक. दुसऱ्या दोन छापायची आज सक्ती नाही, तर विचारा. मी मे महिन्यात आईबरोबर गेलो तेव्हा विचारलं. दोन दुकानांत "ते आम्हाला कसं माहीत असणार" असं उत्तर मिळालं, तिथून उठलो. तिसऱ्या दुकानदाराने फोन लावला, कोणाशी तरी बोलला आणि बिलाच्या मागे पेनाने लिहून दिलं, ४१ दिवस. मजुरीचा आकडा मात्र त्याने सांगितला नाही. आईने साडी घेतली, घासाघीस न करता, आणि गाडीत बसल्यावर म्हणाली, "मजुरी का नाही रे सांगितली त्याने?"