पहिली किक आणि नंतर

म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ साली बंद पडला. त्याच्या येझदी मात्र अजून कुठे कुठे धूळ खात उभ्या दिसतात. अशी जुनी गाडी घेतली की पहिल्या किकला फटफट ऐकायची घाई होते. मलाही त्या आवाजाची ओढ आहे. पण इंजिन सुरू झाले म्हणजे गाडी दुरुस्त झाली, असे मी मानत नाही.

इंजिनाचे दुखणे बहुधा साधे असते. टाकीत गंज, कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा, प्लगवर काजळी, पॉइंटचे बिघडलेले अंतर. आताच्या पेट्रोलातले इथेनॉल ओलावा ओढते, जुने रबरही खराब करते. म्हणून नळ्या नव्या घालाव्यात. टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने साठवू नये.

खरा धोका वेगळाच. वर्षानुवर्षे उभ्या गाडीचे ब्रेक लायनर टणक होतात, टायरना चिरा पडतात, केबल आतून गंजते. इंजिनाच्या आवाजात यातले काहीच ऐकू येत नाही. पहिला खर्च तिथे करावा. रंग आणि क्रोम शेवटी. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण तपासणीनंतरच होते, ते उगीच नव्हे.

आजोबांची गाडी नातवाच्या हाती देताना ती पळते का, यापेक्षा थांबते का, हे आधी पाहावे.