लेखी राज्यघटना सत्तेस आवर घालते काय ?

राज्यकर्त्यांच्या हातून जुलूम होऊं नये म्हणून राष्ट्रें आपली घटना लिहून ठेवितात. जें लेखी तें पक्कें, ही आपली व्यवहारांतली जुनी समजूत आहे. पण सावकाराचें खत मोडणाऱ्यास न्यायासनापुढें उभें करण्यास सरकार असतें. सरकारच मर्यादा ओलांडूं लागलें, तर त्यास कोणी उभें करावें? हा प्रश्न केवळ तर्काचा नव्हे. आपल्याच देशांत त्याची कसोटी झालेली आहे.

कायद्यानें ठरविलेल्या रीतीवांचून कोणाचेंहि जीवित वा स्वातंत्र्य हिरावून घेतां येणार नाहीं, असें भारतीय घटनेचें २१ वें कलम सांगतें. तथापि २५ जून १९७५ रोजीं आणीबाणी पुकारण्यांत आली, आणि दोनच दिवसांनीं या कलमासाठीं न्यायालयांत दाद मागण्याची वाट राष्ट्रपतींच्या हुकुमानें बंद झाली. सरकारनें घटना फाडून टाकली नाहीं, हें येथें लक्षांत घेण्याजोगें आहे. घटनेच्याच ३५२ व्या व ३५९ व्या कलमांचा आधार त्यानें घेतला. कुंपणानेंच शेत खावें, तसें झालें.

चौकशीवांचून तुरुंगांत टाकलेल्यांचे अर्ज ऐकतां येतात, असें नऊ उच्च न्यायालयांनीं ठरविलें होतें. परंतु २८ एप्रिल १९७६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें चार विरुद्ध एक अशा मतांनीं तें फिरविलें. तो एक म्हणजे न्यायमूर्ति हंसराज खन्ना. पोलीस अधिकाऱ्यानें खासगी वैरानें कोणाचा जीव घेतला तर दाद मिळेल काय, असें त्यांनीं सुनावणींत ॲटर्नी जनरलांस विचारलें होतें. आणीबाणी आहे तोंवर नाहीं, असें उत्तर आलें. पुढें जानेवारी १९७७ मध्यें खन्नांना डावलून त्यांच्या कनिष्ठास सरन्यायाधीश नेमण्यांत आलें, व खन्नांनीं राजीनामा दिला.

मग घटना कुचकामाची ठरली काय ? आमचें मत तसें नाहीं. पांचहि न्यायाधीशांपुढें पुस्तक एकच होतें, अक्षरेंहि तींच होतीं. वाचणाऱ्यांच्या धैर्यांत मात्र अंतर होतें. मार्च १९७७ च्या निवडणुकींत मतदारांनीं सत्ताधाऱ्यांस पायउतार केलें. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनें २० व्या व २१ व्या कलमांचें संरक्षण आणीबाणींतहि अबाधित केलें. २०१७ सालीं तर नऊ न्यायाधीशांच्या पीठानें १९७६ चा निकालच रद्द ठरविला. त्या चौघांपैकीं एक न्यायमूर्ति यशवंत चंद्रचूड. त्यांचेच चिरंजीव न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड यांनीं २०१७ च्या निकालपत्रांत त्या निकालाचे दोष दाखविले. तथापि एकेचाळीस वर्षांनीं सुधारलेली चूक कोणाचे तुरुंगांत गेलेले महिने परत देत नाहीं.

तात्पर्य, घटना स्वतः सत्तेस आवरीत नाहीं. आवरूं इच्छिणाऱ्यास ती उभें राहावयास जागा देते. परीक्षेसाठीं कलमांचे क्रमांक पाठ करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांतूनच उद्यांचे पोलीस, वकील, न्यायाधीश आणि मतदार निघणार आहेत. 'हें करतां येणार नाहीं' असें सत्तेस सांगण्याची पाळी त्यांच्यावर येईल, तेव्हां आधारास कलम असेल. शब्द मात्र त्यांनींच उच्चारावयाचा आहे.